मी गाळलेला ‘अंदाज’

काल शेजारच्या नव्या कॉलनीत बोअरची गाडी सुरू झाली आणि दगडाच्या भुकटीचा तो वास घरात शिरला. त्या वासानं मला बऱ्याच वर्षांपूर्वीचं दुष्काळाचं साल आठवलं. फुलंब्रीकडच्या एका गावात बोअरची जागा दाखवायला आलेल्या डॅनिश तज्ज्ञाचा मी दुभाषी होतो. पाणी शोधायचं यंत्र शिवारात फिरवून तो लिंबाखाली थांबला, खिशातली डिक्शनरी उघडून त्यानं ‘गेट’ या डॅनिश शब्दावर आणि त्यापुढच्या इंग्रजी ‘गेस’वर बोट ठेवलं. हा नुसता अंदाज आहे, हे सांग, असं त्यानं मला दोनदा बजावलं. पण सगळं गाव रिकाम्या घागरी घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी म्हणालो, “इथं पाणी आहे.” दुपारपर्यंत बोअरची गाडी घरघरत राहिली, तीनशे फुटांवरूनही कोरडी भुकटीच उडाली. एका म्हातारीनं मला बाजूला घेऊन विचारलं, “त्यो गोरा खरं काय म्हनला व्हता?” मी सांगितलं. “मंग अंदाज हाय म्हनायचं व्हतं, बाबा,” ती म्हणाली, “तुझ्या बोलन्यावर आजचा टँकर आमी वरच्या वस्तीला धाडला की.” काल शेजारीण खिडकीशी येऊन म्हणाली, “लागेल ना हो पाणी?” “अंदाजच असतो तो,” एवढंच म्हणून मी खिडकी लावून घेतली.