निळ्या लाईटचे वीस सेकंद

दातांच्या दवाखान्यात किस्से साठतात, त्याला कारण आहे. पेशंटचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. अर्धा तास दाबून ठेवलेलं सगळं कापूस काढल्याबरोबर बाहेर पडतं, आणि ते बहुतेक वेळा माझ्याबद्दलच असतं! सोलापूरच्या नवी पेठेत एका कापड दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना आहे. मी आणि माझ्या असिस्टंट शोभाताई. दुपारच्या चहाला आम्ही दोघी दिवसभराची जमा मोजतो. त्यातले निम्मे किस्से आमच्या लाईटचे असतात.

लाईट म्हणजे घरातली नव्हे. कीड काढलेल्या खड्ड्यात आम्ही दाताच्या रंगाचं जे सिमेंट भरतो, ते कणकेसारखं मऊ असतं. पिस्तुलासारख्या यंत्रातून त्यावर निळी लाईट मारली की त्याचा दगड होतो. पातळ थर द्यायचा, लाईटचं टोक अगदी जवळ आणि सरळ धरायचं, वीस सेकंद हलायचं नाही. मग दुसरा थर. लांबून धरली, तिरकी धरली, घाई केली, की वरून दगड आणि खाली कणीकच. एवढंच शास्त्र आहे.

*

खालच्या दुकानाचे शेठजी एकदा खुर्चीत होते. दाढेत पहिला थर बसला आणि सगळ्या पेठेची वीज गेली. पंखा बंद, डोक्यावरचा दिवा बंद. मी सवयीनं शोभाताईंना म्हटलं, "लाईट द्या."

शेठजी ताडकन उठून बसले. तोंडात कापूस, त्यामुळे फोन काढून त्यावर टाईप केलं आणि माझ्यासमोर धरलं: 'लाईट गेली. माझ्या दुकानात इन्व्हर्टर आहे. दात खाली भरू.'

आमची लाईट बॅटरीवर चालते, हे पटेपर्यंत ते जिन्यापर्यंत पोचले होते. जाता जाता त्यांनी नोकरांनाही मेसेज टाकला होता; तो वाचून खाली साड्यांचा काउंटर मोकळासुद्धा झाला होता!

*

मल्लेशम काकांची हयात सूत रंगवण्यात गेली. घरी तेलुगू, पण सल्ला मात्र मराठीत देतात. लाईट किती वेळ मारणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वीस सेकंद. काका हसले.

"वीस सेकंदात रंग पक्का होत नाही, मॅडम. दात काय होणार? अजून एकदा मारा. मला घाई नाही."

त्यांचं मन राखायला मी अजून एकदा मारली. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बाईंनी हे सगळं ऐकलं. आत येऊन खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी जाब विचारला, "त्यास्नी दोनदा मारली. मला बी दोनदा पायजे."

त्या दाढ काढायला आल्या होत्या.

*

आता दुधनीचे गुरुशांतप्पा. तुरीचे आडते, घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि बोलणं मोजकं. दुधनीहून माझ्याकडे येणारा प्रत्येक पेशंट त्यांच्या शब्दावर येतो. त्यांच्या खालच्या, अगदी मागच्या दाढेत मी सिमेंट भरलं. दहा दिवसांनी ते कागदाची पुडी घेऊन हजर. पुडीत माझं सिमेंट.

अशा वेळी दोष पेशंटवर ढकलायचा एक खास गोड आवाज आम्हा डॉक्टरांकडे असतो. त्या आवाजात मी विचारलं, कडक भाकरी खाल्ली असेल ना?

"न्हाय," ते म्हणाले. "भात खाल्ला."

शोभाताई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी पुन्हा भरलं, चार सूचना दिल्या, त्यांनी मुकाट्यानं ऐकल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा पुडी. आता काय खाल्लं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी स्वतःच सांगितलं.

"शिरा."

मग शांतपणे म्हणाले, "आता पडलं तर मी, आमची मालकीण आन् आमची सगळी गल्ली, समोरच्या डॉक्टरकडं जाणार. राग न्हाय, मॅडम. पण शिऱ्यानं पडलं म्हणून बाजारात सांगायला लाज वाटती."

*

खोटं कशाला सांगू, मी घाबरले. इतक्या वर्षांचं नाव, आणि ते बुडणार कशात, तर शिऱ्यात! शिवाय त्याच सुमारास मागच्या दाढांची आणखी दोन सिमेंटं परत आली होती.

सिमेंट विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो कपाळ पुसत म्हणाला, सोलापूरच्या उन्हाचा परिणाम. आमचं सिमेंट फ्रिजमध्ये असतं, ऊन त्याच्या एकट्याच्या डोक्यावर होतं. मग पिस्तूल तपासलं. टोकाला जुन्या सिमेंटचा कण चिकटला होता, तो खरवडून काढला. कागदावर सिमेंटचा गोळा ठेवून वीस सेकंद लाईट मारली. उलटा करून बघितला तर खालूनही टणक. सिमेंट चांगलं, लाईट चांगली.

"मग आता राह्यलं कोण?" शोभाताईंनी विचारलं.

मी चहा पीत राहिले.

*

सगळं तपासून मगच भरते, असं सांगून मी गुरुशांतप्पांना परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा भरायच्या दिवशी ते हातात आरसा घेऊनच खुर्चीत बसले. आज काय चाललंय ते मी बघणार, म्हणाले. निळ्या लाईटकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये, असं मी सांगितल्यावर त्यांनी उन्हाचा काळा गॉगल डोळ्यांवर चढवला.

त्या लाईटकडे बघायला नारिंगी काचेचा चष्मा लागतो. आमच्याकडे तो एकच आहे. माझ्या नंबरच्या चष्म्यावर तो बसत नाही, म्हणून शोभाताई घालतात. मी टोक दाढेवर टेकवते, बटण दाबते आणि मान खिडकीकडे फिरवते.

त्या दिवशीही तसंच केलं. शोभाताई मोठ्यानं आकडे मोजत होत्या. पाचवर गुरुशांतप्पांनी ऊं ऊं केलं. मी खिडकीकडे बघतच त्यांना म्हटलं, हलू नका. सातवर त्यांनी माझं मनगट पकडलं, एक दाढ मागे सरकवलं आणि तिथंच घट्ट धरून ठेवलं.

शोभाताई थांबल्या. मग त्यांनी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.

पुढचे सगळे थर असेच झाले. बटण माझं, हात त्यांचा.

कापूस काढला आणि मी शोभाताईंकडे वळले. "चष्मा तुमच्या डोळ्यांवर असतो. माझा हात सरकतो, हे तुम्हाला रोज दिसत होतं?"

"दिसत होतं की," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, शेजारच्या दाढेला बी थोडी द्यायची पद्धत असंल."

गुरुशांतप्पांनी चूळ भरली, गॉगल खिशात घातला आणि नव्या सिमेंटवरून सावकाश जीभ फिरवली.

"उद्या मालकिणीला घेऊन येतो," ते म्हणाले. "हात धरायला मी हायच."