पाऊण ग्रॅम

किसनआप्पा कुठलीही वस्तू हातात आली की आधी तर्जनीवर आडवी ठेवून तोलून बघत. पाना, चमचा, माझं पेन. ती स्थिर राहिली की म्हणत, "हाय, हिच्यात जीव हाय." शिक्रापूरजवळच्या आमच्या कारखान्यात ते टर्नर होते, मी तपासणी विभागात. निवृत्त होऊन ते वरवंडला गेले आणि माझे रविवार तिकडे जाऊ लागले. आप्पा रेकॉर्ड प्लेयरचा टोनआर्म बनवत होते, म्हणजे ज्याच्या टोकाला सुई बसते तो दांडा.

वाजवायची होती एकच रेकॉर्ड. तरुणपणी त्यांच्या पत्नीने, सुमनकाकूंनी, हळदीचं एक गाणं गायलं होतं आणि एका छोट्या कंपनीने ते रेकॉर्डवर घेतलं होतं. काकू गेल्यावर तेवढाच आवाज उरला. दुसरी प्रत शोधूनही मिळाली नाही.

"मोबाईलवर उतरवून ठेवू," मी म्हणालो.

"डबीत कोंडायची व्हय तिला? ऱ्हाऊ द्या सायब."

सुई दर वेळी खाचेतून घासत जाते, आवाज झिजतो, ही त्यांची धास्ती. म्हणून दांडा हलका हवा होता. आणि देखणाही. पुण्यात जुन्या बाजारात मी त्यांना एक वळणदार, चकचकीत टोनआर्म दाखवला. त्यांनी तो लगेच खाली ठेवला. "नवरदेवाच्या गाडीवानी सजवलाय. बगळा पाण्यात पाय टाकतो तवा पाणी हलतं का? तसं उतराया पायजे." मग घरच्या लेथवर त्यांनी ॲल्युमिनियमची नळी टोकाकडे निमुळती करत नेली, मागचं पितळी वजन सुपारीएवढं केलं. चौथा दांडा तर इतका सुरेख झाला, की तो रेकॉर्डवर उतरताना आम्ही दोघंही बोलत नसू.

मी वही ठेवली होती. तारीख, दांड्याचा क्रमांक, सुईचा रेकॉर्डवर पडणारा भार, शेरा. दोन ग्रॅमवर सुरुवात झाली. सव्वा ग्रॅमला मी शेरा लिहिला, 'वरच्या पट्टीत आवाज किंचित फाटतो.'

"आजून जड हाय," आप्पा म्हणाले. "कमी करू."

एक ग्रॅम झाला. आवाज जास्त फाटू लागला. आम्ही पाऊण ग्रॅमवर आलो.

सुई बदलायची वेळ आली तेव्हा नव्या पाकिटातला कागद मी वाचला. दीड ग्रॅमपेक्षा कमी भार देऊ नये. सुई खाचेत बसत नाही, उसळते आणि खाचेच्या भिंती खरवडते. पहिल्या सुईसोबतही हाच कागद आला होता. तो माझ्या फाईलमध्ये होता, भोकं पाडून, क्रमांक टाकून लावलेला. न वाचलेला.

रविवारी मी वही आणि दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. आप्पांनी भाराच्या रकान्यावरून बोट वरून खाली नेलं, मग शेऱ्यांवरून.

"म्हंजी मीच खरवडली तिला."

"आपण दोघांनी, आप्पा."

"तुम्ही नुसतं लिव्हत व्हता." त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "ती आजारी व्हती ना, तवा बी मी तिला हात लावाया भ्यायचो. दुखंल म्हणून. ती म्हणायची, आवो, धरा की जरा नीट."

पाचवा दांडा त्यांनी आठवड्यात केला. जाडसर, सरळ, मागे पेरूएवढं वजन, पुढे सुईवर पुरता दीड ग्रॅम भार. दिसायला काहीच नाही. "ह्यो नुसता कामाचा हाय," म्हणाले. फाटलेलं मात्र फाटलेलंच राहिलं. वरच्या पट्टीत काकू गात नसत, किंचाळत. पण त्याआधी एक जागा आहे. तिथे त्या श्वास घेतात. हळू आवाजाच्या जागी सुई उसळत नाही, खाच खरवडली जात नाही. तो श्वास स्वच्छ राहिला होता, अगदी कानाजवळ घेतल्यासारखा.

पुढे आप्पांचे हात थरथरू लागले आणि सुई माझ्याकडे आली. "तिनं दम घेतला की उचला," ते डोळे मिटून सांगत. मी उचलत असे. "परत," ते म्हणत.

आप्पांना जाऊन आता वर्ष झालं. त्यांच्या सुनेने रेकॉर्ड आणि दांड्यासकट प्लेयर माझ्या घरी पोचवला. रविवारी दुपारी मी एकदाच सुई ठेवतो. काकू श्वास घेतात, आणि मला दर वेळी उचलायला किंचित उशीर होतो.