रामजीच्या तोंडातला धागा

लालबागच्या त्या चाळीत सुंदराबाईंशी भांडण झालं नाही असं एकही बिऱ्हाड नव्हतं. आणि त्या भांडणात बाई चुकल्या होत्या, असं छातीठोकपणे सांगणारंही कोणी नव्हतं. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात त्यांनी वीस वर्षं सूत गुंडाळलं होतं. तुटलेला धागा आणि खोटं बोलणारा माणूस दोन्ही त्या लांबून ओळखत, आणि ओळखल्यावर गप्प बसणं काही त्यांना जमत नसे.

ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी उघडली नाही ती नाहीच. एकोणतीस वर्षांनी तिच्या जागी टॉवर उभा राहिला, आणि टॉवरवाल्या कंपनीला तळमजल्यावर गिरणीच्या जुन्या फोटोंचं दालन मांडायची हौस आली. टाइम ऑफिसच्या पेट्यांतून तीन हजार फोटो निघाले. जुन्या कामगारांनी येऊन माणसं ओळखावीत, अशी चिठ्ठी चाळीच्या फळ्यावर लागली.

"आई, कशाला जातेस?" मुलगी नलू म्हणाली. "त्यांना शोभेला माणसं हवीत. तू जाशील आणि भांडून येशील."

"मी तुझ्या बाबांना बघायला जाते. भांडायचं की नाही ते तिथं गेल्यावर बघू."

नलूच्या बाबांचा, म्हणजे रामजीचा, गिरणीत एकच फोटो निघाला होता. मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी धोट्यात सुताची नवी कांडी घातली की तिचं टोक बारीक भोकातून बाहेर काढावं लागे. त्यासाठी आकडा असायचा, पण घाईत सगळे विणकर धोटा ओठांना लावून धागा तोंडानंच ओढत. एकाच धोट्याला पाळीपाळीनं किती तोंडं लागत. नेमक्या याच कारणावरून बौद्धांना साचेखात्यात, म्हणजे मागांवर, उभं राहू देत नसत. झाडू मारा, सूत काता, पण विणायचं नाही. कायदा कधीच बदलला होता, साचेखातं बदललं नव्हतं. रामजीनं आठ वर्षं अर्ज केले, साहेबांच्या दारात उभा राहिला, शिव्या खाल्ल्या, आणि शेवटी माग मिळवला. एकोणऐंशी साली गिरणीच्या वर्धापनदिनाला फोटोवाला आला, तेव्हा रामजी धोटा तोंडाला लावून धागा ओढत होता.

तो फोटो टाइम ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लागला. पाळी सुटली की सुंदराबाई दोन मिनिटं त्याच्यासमोर थांबत. तिसऱ्या दिवशी रामजीच्या तोंडावर कोणीतरी टोकदार वस्तूनं तीन ओरखडे ओढलेले होते. साहेबांनी फोटो उतरवून पेटीत टाकला.

"जाऊ दे गं," रामजी म्हणाला होता. "धागा दिसतो ना अजून? मग झालं."

संपानंतर तो भायखळ्याच्या भाजीबाजारात पोती उचलायचा. कोणी विचारलं की सांगायचा, मी विणकर. एक्क्याण्णव साली गेला. फोटोची प्रत घरात कधीच नव्हती.

टॉवरच्या थंडगार ऑफिसात ललिता नावाची मुलगी स्कॅनरपाशी बसली होती. हातात पांढरे सुती मोजे, शेजारी मऊ ब्रश. फोटोवरची धूळ झटकायची, फोटो काचेवर पालथा ठेवायचा, झाकण लावायचं. तिनं वाइंडिंग खात्याचा फोटो संगणकावर मोठा केला.

"ही मी. दुसऱ्या रांगेत," सुंदराबाई म्हणाल्या. मग पुढं वाकल्या. "आणि हातातलं सूत कुठाय?"

ललितानं बघितलं. बारा बायका ओळीनं उभ्या होत्या. सगळ्यांची बोटं चिमटीत, आणि चिमटी रिकाम्या.

"मावशी, ते... तीन हजार फोटो आहेत ना. ओरखडे, पट्टे, बुरशी. एकेक हातानं पुसत बसलं तर वर्ष जाईल. म्हणून संगणकाला सांगितलंय, बारीक पांढरी रेष दिसली की भरून टाक."

"सूत कसं असतं गं?"

ललिताचं बोट पडद्यावरच्या एका रिकाम्या चिमटीपाशी गेलं.

"बारीक आणि पांढरं असतं. वीस वर्षं आम्ही काय हवा गुंडाळत होतो? पेटीत कसर लागली नाही तेवढं तुझ्या मशिननं खाल्लं. रामजीचा फोटो काढ, धोटा तोंडाला लावलेला."

तो निघाला. रामजी धोटा तोंडाशी धरून उभा होता. ओरखडे नव्हते. धागाही नव्हता. लाकूड हुंगत असल्यासारखा दिसत होता.

सुंदराबाईंचा हात टेबलावर आपटला. "माझ्या माणसाला वेडा करून ठेवलंत तुम्ही!"

"ओरडू नका. मूळ फोटो आहे. मी परत करते." ललितानं फायलीतून फोटोसोबतचा कागद काढला, आणि तिचा चेहरा उतरला. "पण यावर शेरा आहे. 'तोंडावरच्या सर्व रेषा ओरखडे. काढाव्यात.' चिंतामणी सरांची सही आहे. त्यांच्या सहीशिवाय मला काही बदलता येत नाही, आणि दालन सोमवारी उघडतंय."

चिंतामणी सर म्हणजे साचेखात्याचा जुना जॉबर. कोणाला मागावर उभं करायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे एकेकाळी त्याच्या भुवईवर चालायचं. आता कंपनीनं त्याला जाणकार म्हणून नेमलं होतं. आतल्या खोलीतून तो बाहेर आला.

"काय सुंदराबाई, अजून तोच आवाज!"

"आवाज तोच, कारण माणसंही तीच. ह्या रेषा ओरखडे आहेत असं तुम्ही लिहिलंत?"

"आहेतच. रामजी चांगला माणूस. पण तो मागावर असा किती होता? फोटोसाठी उभा केला असेल कोणी."

"पाच वर्षं होता. तुमच्याच खात्यात. तुमच्या डोळ्यांत खुपत होता."

"बाई, जुनं उकरू नका. चार रेषा आहेत. त्यातली धाग्याची कुठली, सांगता येईल तुम्हाला? पुरावा काय?"

सुंदराबाईंनी मूळ फोटो कडांना धरून उचलला आणि खिडकीपाशी नेला. तुटलेला धागा समोरून दिसत नाही, कडेनं उजेड घेऊन बघावा लागतो, एवढं वाइंडिंगमधली पहिल्या आठवड्याची मुलगीही शिकते. त्यांनी फोटो तिरपा केला. तीन रेषांमध्ये उजेड चमकला. चौथी तशीच सपाट राहिली.

"ये गं, बघ. तीन जागी कागद सोललाय. चौथी रेष फोटोतच आहे."

ललिता बघत राहिली. मग तिनं फोटो स्कॅनरवर ठेवला, एकदा उभा, एकदा आडवा. "स्कॅनरचा दिवा एका बाजूनं पडतो," ती म्हणाली. "फोटो फिरवला की खरवडलेल्या जागेची चमक बदलते. चित्रातलं आहे ते बदलत नाही." दोन्ही चित्रं तिनं शेजारीशेजारी लावली. तीन रेषा एकीकडे उजळ, दुसरीकडे काळपट. चौथी दोन्हीकडे तशीच. धोट्याच्या भोकातून निघून रामजीच्या अंगठ्यामागून ओठांत गेलेली.

"ओरखडा अंगठ्यामागून जातो का हो, जॉबर?"

चिंतामणीनं मान वळवली. "मला काही नीट दिसत नाही. चष्मा घरी राहिला."

सुंदराबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदरानं दोन्ही काचा पुसल्या आणि त्याच्यापुढं धरला. "घ्या. लावा माझा."

चिंतामणीनं त्या चष्म्याकडं बघितलं. हात पुढं केला नाही. सुंदराबाईंचा हातही मागं आला नाही. शेवटी त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि स्वतःचा चष्मा बाहेर काढला.

"मिळाला वाटतं," सुंदराबाई म्हणाल्या.

त्यानं पडद्याकडं बघितलं. "धागा आहे," तो म्हणाला.

ललिता खुर्चीसकट सुंदराबाईंकडं वळली. "मावशी, ओरखडेही राहू देऊ या का? लोकांना कळू दे काय केलं होतं ते. तो पण इतिहासच आहे."

"तुझा इतिहास तुझ्या घरी टांग. बत्तीस वर्षं ते तोंडावर घेऊन तो पेटीत पडलाय. पूस. मशिननं नाही, हातानं. आणि हळू. जॉबर, बसा. तुम्हीही बघा."

चिंतामणी बसला. ललिता पडद्यावर शेजारचा गालाचा तुकडा उचलून एकेका ओरखड्यावर बसवत गेली. पहिला गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला वेळ लागला, तो खोल होता. मग रामजीचं तोंड मोकळं झालं. गाल आत ओढलेले, ओठ घट्ट, आणि त्यातून निघालेला सुताचा एक धागा.

सुंदराबाईंनी कागद चिंतामणीपुढं सरकवला. "शेरा खोडा. लिहा, ओरखडे तीन, धागा एक. खाली सही."

त्यानं लिहिलं, आणि कोणाकडं न बघता आतल्या खोलीत गेला.

"बसा मावशी, चहा सांगते," ललिता म्हणाली.

"चहा नको." सुंदराबाईंनी पिशवी उचलली आणि पडद्यावरच्या त्या बारा बायकांकडं बोट केलं. "उद्या सकाळी येते. सोमवारच्या आत ह्या सगळ्यांच्या हातात सूत पाहिजे. कुठलं कोणाचं ते मी सांगेन."