रविवारची हजेरी

डांबराच्या गोळ्यांचा वास आला, की मला जुन्नरच्या एका कॉलेजातली माझी खिडकी आठवते. नव्वदच्या दशकात माजी सैनिकांच्या मुलांचे फी-सवलतीचे अर्ज माझ्याकडे असायचे. एका शनिवारी कपाटाला कुलूप लावत होतो, तेवढ्यात घाटघरचे, फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार मुलीचा अर्ज घेऊन आले. अंगात ट्रंकेतून काढलेला हिरवा स्वेटर, त्याला तोच वास, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं डिस्चार्ज बुक. मुदत सोमवारी संपत होती. कागद तपासायचं काम पाच मिनिटांचं, पण मला एसटी गाठायची होती. "उद्या दहाला या," मी सवयीनं बोलून गेलो. उद्या रविवार आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. सोमवारी खिडकी उघडली तर ते समोर ताठ उभे. मी काही बोलायच्या आत त्यांनीच एक चिठ्ठी पुढं सरकवली. "सायेब, काल तुमी नव्हता. पण मी आलतो, दहा ते पाच हितंच व्हतो. वॉचमनकडनं लिहून घेतलंय. मी आलो न्हाई म्हणून पोरीची सवलत जायला नको." खाली वॉचमनची सही होती. "अहो, रविवार होता, माहीत नव्हतं का?" "म्हाईत व्हतं की. पण तुमी उद्या म्हणला व्हता." मी अर्ज तपासला आणि ती चिठ्ठीही त्यालाच टाचली. त्या दिवशी गैरहजर कोण होतं, हे मात्र कुठल्याच कागदावर आलं नाही. ते आज लिहितोय.