इथं मुली पाया पडत नाहीत

काकू मला आवडत नाहीत. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून मी फार चांगली मुलगी आहे असं वाटायचं.

जबलपुरात आमच्या अधारताल भागात दर गुरुवारी संध्याकाळी काकूंच्या घरी मराठी बायकांचं भजन असतं. त्यांचे यजमान फॅक्टरीतून मोठ्या पदावरून रिटायर झालेले. माझी आई मेन रोडवर भाजीची गाडी लावते, जवळच्या पनागर गावातून आणलेला माल. आरती झाली की लहानमोठं न बघता प्रत्येकीनं प्रत्येकीच्या पाया पडायचं, अशी तिथली रीत. समोरच्या माणसात देव आहे, म्हणून. मीही लहानपणापासून पडत आले.

घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. ॲडमिशन झाली त्या गुरुवारी आईनं पेढे नेले. काकूंनी पेढा तोंडात टाकला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अच्छा, बी.ए.! चलो, आता गाडीवर इंग्रजीत ओरडेल ही, टोमॅटो घ्या टोमॅटो." बायका हसल्या. आईही थोडं हसली. मला तिचं हसणं जास्त लागलं.

आरतीनंतर काकूंपुढं आले आणि वाकलेच नाही. म्हटलं, "इथं मुली पाया पडत नाहीत."

तसं ते खोटं नव्हतं. जबलपूरच्या हिंदी घरांत मुलीला देवी मानतात, मोठी माणसंच तिच्या पाया पडतात. पण आमच्यात तसं कधीच नव्हतं आणि ते खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

"काहून? घरी मराठी, आन् वाकायची वेळ आली की जबलपूरवाली?" काकू म्हणाल्या. "चलो, मग मीच पडते, देवीजी." आणि खरंच वाकून त्यांनी माझ्या अंगठ्याला बोटं लावली. खोलीभर हशा झाला. मी चपला हातात घेऊनच बाहेर पडले.

पुढचे चार गुरुवार गेले नाही. देव काय घरी नाही का, असं म्हणत फोटोसमोर बसायचे. पण डोळे मिटले की काकूच दिसायच्या. त्यांचं तोंड एकदा सगळ्यांसमोर उतरव, एवढंच मी देवाकडे मागत होते. उठायचे ती आणखी थकून. परीक्षा जवळ आलेली, आणि पुस्तकाचं एक पान दोन-दोन तास पुढं सरकत नव्हतं.

आई मात्र दिवसभर गाडीपाशी उभी राहून भजनाला जायची आणि ताजी होऊन यायची. गुणगुणत कणीक मळायची. मला तिचाही राग यायला लागला.

"त्या बाईच्या पाया पडून तुला बरं कसं वाटते?"

"तिच्यासाठी कोण वाकते?" आई म्हणाली. "दिवसभर मी ताठ असते, गिऱ्हाइकांशी भांडून राहते. तिथं वाकली की म्हणते, देवा, माझ्याच्यानं नाही होत, तू दे. मंग होते. तू काय मागून राहिली घरी बसून?"

मी पुस्तक पुढं ओढलं.

पाचव्या गुरुवारी गेले. काकू दारातच म्हणाल्या, "आली का कन्या! आज कोणी कोणाच्या पाया पडायचं, ते आधीच सांगून दे बाई."

आरती झाल्यावर मी वाकले. कपाळ त्यांच्या पायांना टेकवलं. मनात काही गोड आलं नाही. देवाला एवढंच म्हटलं, की मला ही बाई आवडत नाही. माझ्याच्यानं होत नाही. तू दे.

"हे कॉलेजात शिकवलं वाटते," काकू वरून म्हणाल्या.

माझ्याकडे उत्तर तयार होतं, चार आठवडे घोटलेलं. ते मी दिलं नाही. रीतीप्रमाणे आता त्यांनी वाकायचं होतं. त्या पाठ फिरवून दुसरीकडे गेल्या.

घरी येऊन पुस्तक उघडलं. राग तसाच होता. पण आई पोळ्या लाटायला बसली तोवर माझी अकरा पानं झाली होती.

काकू अजूनही मला वाकत नाहीत. मी वाकते. आणि त्या मला आवडत नाहीत, हे दर गुरुवारी तिथं खाली डोकं टेकवूनच देवाला सांगते.