दत्ताची राहिलेली मॅच

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. घरात काही लपवून ठेवायची मला सवय नाही, गॅसची टाकी किती दिवस पुरली हेसुद्धा मी मोठ्यानं सांगतो. पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट ठाऊक नाही.

मी कळंबच्या एका कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवतो. फुटबॉलचा संघ माझ्याकडं आला तो दुसरं कुणी घेईना म्हणून. आमच्याकडं पोरं क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात. फुटबॉल म्हटलं की लोक हसायचे. मला खेळातलं फारसं कळत नव्हतं. आकडे कळायचे. आणि त्या वर्षी एक आकडा मला फार आवडायला लागला होता – आमच्यावर एकही गोल झाला नव्हता. सगळ्या मोसमात शून्य.

आमच्या संघात एक रीत होती, माझ्या आधीच्या सरांनी घातलेली. शेवटच्या वर्षाचा मुलगा, तीन वर्षं बाहेर बसलेला असला तरी, मोसमाच्या शेवटच्या मॅचला पहिल्या शिट्टीपासून खेळायचा. त्या वर्षी असा एकच होता. दत्ता. तामलवाडीचा, होस्टेलला राहायचा. दुसरा गोलकीपर. गोलमागं ऊस होता, त्यात गेलेले बॉल तोच शोधून आणायचा. म्हणायचा, "सर, समीर गोलचा कीपर, मी उसाचा."

मार्च दोन हजार वीस. आमच्याच मैदानावर साखळीतली मॅच होती, तिच्यानंतर आणखी दोन राहिल्या होत्या. सकाळी स्पर्धा घेणाऱ्यांचा फोन आला. साथीमुळं उद्यापासून सगळं बंद, आजची तेवढी उरकून घ्या, यंदाची स्पर्धा संपली असं समजा, पोरांना सांगून टाका.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा कुणाला काय कळत होतं? पंधरा दिवसांत सुरू होईल असंच सगळ्यांना वाटत होतं. पण मला तसं सांगितलं नव्हतं. संपली, असं सांगितलं होतं. मी दोनदा विचारून घेतलं. मी विचारून घेणारा माणूस आहे.

पोरांना मी सांगितलं नाही.

सांगितलं असतं, तर गोलमध्ये दत्ता उभा राहिला असता. आणि दत्ताच्या हातून बॉल सुटायचे. एखादा सुटला असता, तर माझं शून्य गेलं असतं – बघा, अजूनही मी 'माझं' म्हणतोय. संघाचं नव्हे.

त्या दिवशी दत्ताचे वडील आले होते. आपल्याच मैदानावर मॅच आहे, म्हणून पहाटेची एसटी धरून, मध्ये गाडी बदलून. टोपी हातात घेऊन माझ्याजवळ आले.

"सर, आज पोराचा नंबर हाय का?"

"आज नाही. शेवटच्या मॅचला तोच."

"मग त्या बारीला त्याच्या आईलाबी आणतो. तिनं कवा बघितलंच न्हाय."

मी म्हटलं, आणा. अवश्य आणा, म्हटलं. हा 'अवश्य' कुठून आला माझ्या तोंडात?

उत्तरार्धात आमचे दोन गोल झाले होते. दत्तानं आपणहून अंगातलं जाकीट काढलं, हातमोजे चढवले आणि माझ्याकडं पाहिलं. शेवटची पाच मिनिटं दिली असती तरी चाललं असतं. मी घड्याळाकडं पाहिलं. त्यानं हातमोजे काढले आणि उसात गेलेला बॉल आणायला गेला.

आणि समीरकडं त्या दिवशी दोनच फटके आले. दोन्ही हळू, दोन्ही सरळ हातात. ते दत्तानंही धरले असते. हा हिशेब मी किती वेळा केला असेल?

कॉलेजच्या जिमखान्यात पाटी आहे – एकही गोल न स्वीकारणारा संघ. खाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव. साथीनं पोरांचा मोसम हिरावला, असं मी निरोप समारंभात बोललो होतो. टाळ्या पडल्या होत्या.

दत्ताचं आता तुळजापुरात मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दसऱ्याला सोनं द्यायला घरी येतो, एकही दसरा चुकवत नाही. गेल्या दसऱ्याला बायकोनं चहा दिला, तेव्हा तिला सांगत होता, "काकू, सरांनी शेवटची मॅच मला द्यायची ठरवली होती. माझ्या बापाला शब्द दिला होता. कोरोनानं घात केला, न्हायतर आई येणार होती बघायला." बायको माझ्याकडं कौतुकानं पाहत होती. मी बशीत चहा ओतला.

तेव्हा सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं तर होतं.

निघताना त्यानं आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली आणि पाया पडायला वाकला.

मी पाय मागं घेतले नाहीत.