खिमाड नाकारणारे दोघे

ऐंशीच्या दशकात मी अंधेरी पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. मरोळ गावठाणातल्या एका ख्रिस्ती गृहस्थाने एक खून डोळ्यांदेखत पाहिला होता आणि कोर्टात तसं सांगायला तो तयार होता. दोन्ही आरोपी जामिनावर बाहेर होते. मिळून खून केलेल्या या दोघांचं नंतर इतकं फाटलं होतं, की ते एकमेकांचं तोंडही पाहत नसत.

साक्षीदाराच्या मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी माझा खबरी ठाण्याच्या मागच्या दाराने आला.

"साहेब, आज बँडमधून माणूस येतोय, घोडा लावून. एकच हाय, पण त्याचा नेम चुकत नाय."

घोडा म्हणजे पिस्तूल. संध्याकाळी 'उंबराचं पाणी' होतं. वाजतगाजत विहिरीवर जाऊन लग्नघरासाठी पाणी आणायची ही त्यांची रीत. मी साक्षीदाराला बँड रद्द करायला सांगितलं.

"बँडशिवाय पाणी आणू? साहेब, पोराचं लगीन हाय, मयत नाय."

मयत होऊ नये म्हणूनच सांगतोय, असं मी म्हणालो. गृहस्थ ढिम्म हलला नाही.

बँडवाल्याकडे गेलो, तर आणखी पंचाईत. लग्नसराईत वाजवणारे पुरत नाहीत, म्हणून तो नाक्यावरची माणसं लाल कोट चढवून उभी करायचा. त्यांनी भोंगे तोंडाला लावायचे, फुंकायचे नाहीत. त्यांची नावं त्यालाही माहीत नव्हती. सगळ्यांची झडती घ्यावी, तर बायकापोरांच्या गर्दीत गोळी सुटण्याची भीती.

"हे लोक येतात कशाला?" मी वैतागून विचारलं.

"खिमाड प्यायला, साहेब," तो हसला.

खिमाड म्हणजे लग्नात वाटतात ती गरम, मसालेदार दारू. माझी ट्यूब तिथे पेटली. फुकटची खिमाड हे लोक सोडणार नाहीत. पण ज्याला नेम धरायचाय तो पिणार नाही.

मिरवणूक निघाली. वाटेत सगळे कुरसापाशी, म्हणजे गावच्या क्रॉसपाशी, थांबले, साक्षीदाराने गुडघे टेकून मान खाली घातली. मी बँडवरची नजर हलवली नाही. काही झालं नाही. विहिरीपाशी माझा हवालदार गावकऱ्याच्या वेषात ट्रे घेऊन बँडमध्ये फिरला आणि परत आला, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब, दोघांनी नाही म्हटलं."

सगळी तयारी एकासाठी होती. जवळच्याला मी मागून मिठी मारली. कमरेला पिस्तूल लागलं. तेवढ्यात दुसऱ्याचा हात कोटात गेला. हवालदाराने उरलेली गरम खिमाड सरळ त्याच्या डोळ्यांत फेकली. तो बोंबलत चिखलात बसला. बँडचे दोघे कमी झाले, पण सुरात तसूभर फरक पडला नाही.

ठाण्यात दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. पहिल्याने उलट मलाच विचारलं, "साहेब, तो दुसरा भोंगेवाला तुमचा माणूस नव्हता?"

"का?"

"वाजवत नव्हता, नुसता बघत होता. पोलीस वाटला म्हणून थांबलो. नायतर कुरसापाशीच काम झालं असतं."

दुसऱ्या खोलीतला हेच बोलला, पहिल्याबद्दल! दोन आरोपींनी एकमेकांना न सांगता दोन वेगळ्या टोळ्यांचे मारेकरी धाडले होते. ज्याला पोलीस समजून थांबलो तो त्याच कामावर आलेला मारेकरी होता आणि आपल्याला कोणी सांगितलंही नाही, हे कळल्यावर दोघे इतके भडकले, की आपापल्या मालकांची नावं त्यांनी स्वतःहून ओकली.

गुन्हेगार आम्हाला किती घाबरतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्या भीतीवर किती थोडं विसंबता येतं हेही. साक्षीदाराने न अडखळता साक्ष दिली. कोर्टाबाहेर त्याने माझा हात धरला.

"साहेब, दोघे होते तरी वाचलो. एकच असता तर काय भ्यायचं कारणच नव्हतं, ना?"

मी "हो" म्हणालो. इतकं धडधडीत खोटं मी नोकरीत दुसऱ्यांदा बोललो नाही.